वारंवार सांगूनही

“तुमी लेहलं हाय, म्हणजे तसंच असन बाप्पा. मीच इसरलो असन,” असं म्हणून कवडूजी उठले आणि अर्धा चहा तसाच ठेवून गेले. भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणाची मी तयारी ठेवली होती. छत्तीस वर्षं तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिले. घरमालक कुठल्या मुद्द्यावर काय बोलेल आणि किरायदाराने त्यावर काय म्हणायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. ते म्हणणार, मुदत अजून सहा महिने आहे, आधीच कसं घर सोडता? मी म्हणणार, करारातच पुढे लिहिलं आहे, घर राहण्याजोगं ठेवणं घरमालकाचं काम. भिंतीला ओल आहे, मला दम्याचा त्रास आहे, डॉक्टरांचा कागद आहे. मग ते म्हणणार, ओल काढायला मी गवंडी आणला नव्हता का? आणि इथे आपण काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. बोलण्याच्या ओघात सुचेल असं वाटलं होतं. पण हा माणूस सकाळी आठ वाजता येऊन खुर्चीच्या काठावर बसला, माझीच नोटीस चार घड्या घातलेली माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, “कालपासून आठवून राह्यलो बाबूजी. मले वाटे, अंकुश मिस्त्रीले मी तीनदा घेऊन आलतो. सुनेले दोन डाव वाचाले लावलं. वारंवार सांगूनही गवंडी पाठवला नाही, असंच हाय त्याच्यात. मोठ्या भावाचं असंच चालू झालतं. आंधी लहान लहान गोष्टी.” मग ते वाक्य बोलले आणि उठले. दारात पोचल्यावर चप्पल पायात सरकवत म्हणाले, “अकरा वाजता अंकुश येते. भित खरडून नवं पलस्तर करून देतो. तुमी जाच्या आंधी नीट करून देतो, नाई त लोक म्हनतीन कवडूनं म्हाताऱ्या मानसाले ओलीत ठेवलं.”

त्यांच्या घराच्या मागच्या भागात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढ्यात मी अकरा वर्षं राहतो आहे. शहराच्या कडेच्या या पिपरी मेघेत तेव्हा एवढी घरं नव्हती. मागच्या दारातून पाहिलं की तुरीचं शेत दिसायचं, आता एका कोचिंग क्लासची मागची भिंत दिसते आणि तिच्यावर एका मुलाचा फोटो, खाली त्याचे टक्के. कवडूजी मूळचे हिंगणीचे. पोरगा शहरात नोकरीला लागला म्हणून त्यांनी हे घर बांधलं, पण स्वतः आठवड्यातून तीन दिवस शेतावरच असतात, आणि इथे असले की अंगणात खाट टाकून हिंगणीच्या दिशेला तोंड करून बसतात. त्यांचे मोठे भाऊ चार वर्षांपूर्वी गेले. शेवटी शेवटी ते सकाळी उठून, कधीच विकलेल्या बैलजोडीला चारा टाकायला निघायचे, आणि कवडूजी त्यांच्या मागे मागे जाऊन, हात धरून घरी आणायचे. हे सगळं मला माहीत होतं. नोटीस लिहिताना ते माझ्या डोक्यात आलं नाही, एवढंच खरं. आलं असतं तर लिहिली नसती, असं म्हणायला मला आवडेल, पण तेही आता खात्रीने सांगता येत नाही.

नोटीस मोहिनीने लिहायला लावली. मोहिनी माझी मुलगी, नागपूरला असते. तिच्या फ्लॅटमध्ये एक खोली माझ्यासाठी रिकामी करून ठेवली आहे आणि दिवाळीत तिने माझा खोकला ऐकला. परवा फोनवर म्हणाली, “बाबा, मुदतीआधी सोडलं तर दोन महिन्यांचा किराया कापतील ना ते? ओलीचं कारण टाका. दुरुस्ती करून दिली नाही म्हणा. हक्क आहे तो तुमचा.” हक्क आहेच. किरायदाराचे हक्क मला मोहिनीच्या जन्माआधीपासून पाठ आहेत. आणि दोन महिन्यांचं ते कलमही माझंच. दरवर्षी जूनमध्ये अकरा महिन्यांचा करार मीच लिहितो, घरमालकाच्या बाजूनेही आणि माझ्याही. कवडूजी न वाचता खाली ‘कवडू’ एवढी सही करतात. शाईचा पेन त्यांच्या हातात दिला की तो असा जपून धरतात, जसा कोणी भरलेला दिवा धरावा. कोणीही पाहिलं तर म्हणेल, हा व्यवहार बरोबर नाही, एकानेच दोघांचं लिहायचं. पण अकरा वर्षांत आमच्यात त्या कागदाला कोणी हातसुद्धा लावला नव्हता. परवा मी कपाटातून काढला, कलमं वाचली आणि मला स्वतःच्या अक्षराचा अभिमान वाटला, तेही खरं सांगून टाकतो.

नोटीस लिहायला वीस मिनिटं लागली. माझ्या धंद्यात हात लिहितो आणि माणूस नुसता त्याच्याजवळ बसलेला असतो. ‘सविनय’ लिहिलं की ‘अर्जदार वरील पत्त्यावर’ आपोआप येतं, त्याच्यामागून ‘वारंवार तोंडी सांगूनही गैरअर्जदाराने’ येतं, आणि शेवटी ‘सबब विनंती की’. लग्नाच्या पंगतीत वाढपी जसा न पाहता मीठ, लिंबू, चटणी वाढत जातो तसं. कोणी एकदा सांगितलं असो, मनात सांगितलं असो की मुळीच सांगितलं नसो, अर्जात ‘वारंवार’ असायचंच. नाहीतर साहेब विचारतो, तुम्ही आधी सांगितलं का नाही? कवडूजींची आणि माझी ओळख याच शब्दावरून झाली. वीसेक वर्षं झाली असतील. हिंगणीच्या त्यांच्या शेताकडे जाणारा पांदण रस्ता शेजाऱ्याने काटे टाकून अडवला होता. पांढरं धोतर, डोक्याला दुपट्टा, खिशात घडी घातलेला सातबारा. मी टाईप करून वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं. “बाबूजी, म्या त त्याले एकदाच सांगतलं.” मी म्हणालो, “कागदावर एकदा म्हणजे कधीच नाई, कवडूजी.” त्यांनी मान हलवली. रस्ता मोकळा झाला. दोन वर्षांनी चहाच्या टपरीवर मी त्यांना कोणाला तरी सांगताना ऐकलं, “मी त्याले वारंवार सांगतलं, वारंवार, पन आयके तवा ना.” आणि मी हसलो. मला तेव्हा वाटलं, काय आपल्या लेखणीत जोर आहे! माणसाच्या डोक्यातली गोष्ट बदलून टाकली. आज सकाळी तोच माणूस माझ्यासमोर बसून स्वतःच्या डोक्यातली गोष्ट माझ्या कागदाशी ताडून पाहत होता आणि डोक्यालाच खोटं ठरवत होता. माझी बायको नलू असती तर तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं असतं. तिचं ते पाहणं मला मारापेक्षा जास्त लागायचं.

कप विसळायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो आणि भिंतीसमोर उभा राहिलो. नऊ वाजायला आले होते. ओट्याच्या उजवीकडची ही भिंत. हिच्या पलीकडे न्हाणी आहे आणि आत कुठेतरी पाईप पाझरतो. बांधतानाच तो चुकीचा बसला असं अंकुश म्हणतो, आणि घर त्यानेच बांधलं असल्यामुळे त्याला माहीत असणार. खालून लोणा चढत आला आहे, पांढरट फुगवटे, हात लावला की पोपडा निघतो आणि वाळू झरते. पावसाळ्यात वास येतो. उन्हाळ्यात, बाहेर अंगाची लाही होत असते तेव्हा, या भिंतीला पाठ लावून बसलं की गार वाटतं. नलू दुपारी इथेच बसायची, पाय लांब करून, लसूण सोलत. आणि याच भिंतीवर ती लिहायची. सुरुवात सिलेंडरपासून झाली. गॅस कधी लावला हे लक्षात राहावं म्हणून सगळ्याच बायका कुठेतरी तारीख लिहून ठेवतात. मी तिला कॅलेंडर आणून दिलं, खिळा ठोकून दिला. तिने ते देवाजवळ लावलं आणि लिहायचं ते भिंतीवरच लिहिलं. म्हणाली, “कॅलेंडर वर्षानं फेकून द्या लागते. भित कुठं जाते?” तळेगावची ती, श्यामजी पंतच्या तळेगावची, सातवी शिकलेली, अक्षर गोल, प्रत्येक अक्षराच्या पोटात जागा सोडलेली. घर बांधताना अंकुशची एक चपटी लाल पेन्सिल खिडकीच्या कोपऱ्यात राहून गेली होती, ती तिने उचलली आणि तीच शेवटपर्यंत पुरवली. हात पुरेल तिथून वरून सुरुवात, मग खाली खाली येत गुडघ्यापर्यंत, आणि तिथे रांग संपली की शेजारी पुन्हा वरून. खालच्या ओळी ती पाट घेऊन बसून लिहायची.

सिलेंडर लावलं. टाकी धुतली. मोहिनी आली. मोहिनी गेली. आवळे आणले. कूलरची खस बदलली. मोहिनी आली. ह्यांना चष्मा. धुरपताबाईंनी गाकर दिले. पहिलं भरीत. मोहिनी गेली. एवढंच, पुढे मागे काही नाही. मी तिला चिडवायचो, “तुझ्या अर्जात कारणही नाही न् विनंतीही नाही. कोणता साहेब मंजूर करन?” ती म्हणायची, “मले काय मंजूर कराचं हाय?” माझ्या आयुष्यात मी किती हजार कागद लिहिले असतील, एकाही कागदावर एवढं निखळ खरं लिहिलेलं नाही, हे मला त्या वेळी कळलं नाही. तेव्हा मला ती गंमत वाटायची. संध्याकाळी घरी आल्यावर मी हात धुवून आधी भिंत वाचायचो, आज काय घडलं ते. काही नवीन नसलं तर थोडा हिरमुसायचो. एकदा ‘काही नाही’ अशीच ओळ होती, तारखेसकट. विचारलं तर म्हणाली, “तुमी रोज येऊन पाहता म्हणून लेहलं.” ती ओळ अजून आहे. पहिल्या रांगेत, वरून अकरावी. मोहिनीने मागच्या वर्षी मोबाईलवर फोटो काढून नेला आहे, तिच्यापुरत्या ओळींचा. मलाही पाठवला. त्यात अक्षर दिसतं, मोठंही करता येतं, पण काच लागते बोटाला.

तिसऱ्या रांगेत चारच ओळी आहेत. चौथी: १४ ऑक्टो. सिलेंडर. त्यानंतर पंधरा दिवसांनी ती गेली आणि ते सिलेंडर जानेवारीपर्यंत चाललं. एकट्या माणसाचा वरण-भात, सकाळ-संध्याकाळचा चहा. रोज सकाळी गॅस पेटवताना वाटायचं की आज संपेल, आणि तो संपत नसे. मला त्याचा राग यायचा आणि तो संपू नये असंही वाटायचं. संपला त्या दिवशी नवं सिलेंडर लावून मी लाल पेन्सिल हातात घेतली, भिंतीजवळ गेलो, आणि ठेवून दिली. तिच्या ओळीखाली माझ्या अक्षरात लिहायचं म्हणजे तिची ओळ शेवटची राहिली नसती.

दोनदा मी अंकुशला परत पाठवलं. पहिल्यांदा नलू गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. कवडूजी स्वतः त्याला घेऊन आले होते, सिमेंटची थैली खांद्यावर. मी म्हणालो, वर्षश्राद्ध होऊ द्या. ते झाल्यावर मी काही बोललो नाही आणि कवडूजीही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा मागच्या वर्षी. अंकुशने गोणपाट पसरलं, भिंतीवर पाणी मारलं, छिन्नी काढली, आणि मी म्हणालो मला ताप आहे, धूळ सोसणार नाही. ताप नव्हता. अंकुशने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. त्याने पाणी मारलं होतं तिथली अक्षरं ओली होऊन जास्तच ठळक दिसत होती. त्याने गोणपाट गुंडाळलं. कवडूजी अंगणात होते, त्यांना तापाचंच कळलं. संध्याकाळी त्यांच्या बायकोने, धुरपताबाईंनी, गवती चहाचा काढा पाठवला आणि मी तो प्यालो. गंमत अशी की भिंत वाचवायची म्हणून मी दुरुस्ती होऊ देत नव्हतो आणि ओल भिंत खात होती. पहिल्या रांगेच्या तळाच्या सात-आठ ओळी अशाच गेल्या. केरात वाळू सापडायची, तिच्यात कधी पेन्सिलीची रेघ. मी ती केरसुणीने भरून टाकत होतो. अर्जनवीस माणूस, दुसऱ्याला शहाणपण शिकवणारा, स्वतःच्या घरात असा वागला.

आणि तिसरी खेप, म्हणजे खरी पहिली, ती कवडूजी मोजतात ती. साडेनऊ झाले होते. ओट्याखाली तांदळाचा डबा आहे, पत्र्याचा मोठा. तो गेली चार वर्षं त्या भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. मी त्याच्या मागे काय आहे हे विसरलो होतो असं सांगणं सोपं आहे. विसरलो नव्हतो. डबा मीच तिथे सरकवला होता, उंदरांचं निमित्त सांगून, मलाच. आता दोन्ही हातांनी तो ओढला. खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत ओट्याला धरून उभा राहिलो, मग पाट घेऊन खाली बसलो, ती बसायची तसा. दुसऱ्या रांगेची शेवटून दुसरी ओळ. अर्धा पोपडा सुटलेला, तरी वाचता येत होती. १९ मे. कवडूभाऊ अंकुश मिस्त्रीले घेऊन आले. लोणचं घालणं चालू. वापस. तो दिवस मला पुरा आठवला. जमिनीवर चादरीवर कैऱ्यांच्या फोडी, मेथी-मोहरीचा वास, नलूचे कोपरापर्यंत पिवळे हात. दारात कवडूजी आणि अंकुश. “काय हो, आजच मुहूर्त सापडला तुमाले?” ती म्हणाली. “माह्या लोणच्यात सिमेंट पाडता का?” कवडूजी मोठ्याने हसले, “येतो मंग थंडीत.” तिने दोघांना एक एक फोड दिली, तिखट लावून. थंडी आली तेव्हा ती नव्हती. माझ्या नोटिशीविरुद्ध यापेक्षा चांगला पुरावा कोणत्याही वकिलाला मिळाला नसता: तारीख आहे, नाव आहे, हेतू स्वच्छ आहे, लिहिणारी हयात नाही. अकरा वाजता अंकुश तो छिन्नीने काढून टाकणार होता. त्यानंतर जगात लिहिलेलं एवढंच राहणार होतं की गवंडी आला नाही, आणि तो कागद कवडूजी जपून ठेवतील, सातबाऱ्याच्या पिशवीत, आणि बाहेर अंगणात बसून स्वतःच्या डोक्यावर पहारा देतील. मला एकदम रडू आलं. नलूसाठी आलं की त्यांच्यासाठी ते मी पाहिलं नाही. पाटावर बसून बराच वेळ रडलो, पदर नसलेल्या माणसाने बनियनला डोळे पुसावेत तसे पुसले, आणि उठलो.

कागद घेतला. ‘सविनय’ लिहिलं आणि खोडलं. ‘अर्जदार’ लिहिलं, खोडलं. हाताला सवय नाही. ठरलेल्या वाक्यांशिवाय तो पुढे जाईना, नांगराच्या बैलाला रस्त्यावर सोडल्यासारखा अडखळत होता. शेवटी मी नलूसारखं लिहिलं. तारखा लिहिल्या. अंकुश मिस्त्री तीनदा आला. पहिल्यांदा लोणचं होतं. पुढे दोनदा मी परत पाठवलं. ताप नव्हता. मग ‘कारण’ असा शब्द लिहून मी थांबलो. हजारो लोकांची कारणं मी त्यांना सुचवली आहेत, आजारपण, नापिकी, अज्ञान, गैरसमज. माझं लिहिताना कपाळाला घाम आला. भिंतीवर माझ्या बायकोचं लिहिणं आहे. ते पुसलं जाऊ नये म्हणून. मुदतीआधी मी माझ्या मर्जीने जात आहे, घरमालकाचा दोष नाही. सही केली. मोहिनी रागावेल, रागावू दे. दोन महिने कापायचे ते कापा असंही खाली लिहिलं, कारण कलम माझंच होतं आणि निदान तेवढ्यापुरतं तरी मला माझ्या अक्षराला जागायचं होतं.

पुढच्या घरात कवडूजी खाटेवर बसले होते, ओठ हलत होते. सून छाया अंगणवाडीत जायची तयारी करत होती. धुरपताबाईंनी मला पाहिलं आणि आत न बोलावता दारातच सांगितलं, “भाऊजी, रातभर झोपला नाई हा मानूस. बैलाईचे नावं घेऊन राह्यले, लहानपनापासूनच्या सगळ्या बैलाईचे. मंग माह्या माहेरचे. मंग मले विचारते, बराबर हाय का वं? मी काय सांगू?” मी कागद छायाच्या हातात दिला आणि म्हणालो, “मोठ्यानं वाच बेटा. दोनदा वाच.” तिने वाचला. ती शाळेतल्यासारखी स्पष्ट वाचते, प्रत्येक शब्द वेगळा. ‘ताप नव्हता’ या ठिकाणी तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चौकटीला धरून उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा माझा कागद कोणी माझ्यासमोर माझ्याविरुद्ध वाचत होतं. दुसऱ्यांदा वाचून झालं तरी कवडूजी खाली जमिनीकडेच पाहत होते. मग बोट वर करून, एक एक शब्द तोलत म्हणाले, “पहिल्या खेपेले नलूबाईनं कैरीची फोड देल्ली. तिखट लावून.”

“देल्ली,” मी म्हणालो.

“दुसऱ्या खेपेले तुमी म्हटलं, वर्षसराद होऊ द्या.”

“हो.”

“आन तिसऱ्या खेपेले अंकुशनं पानी मारलतं भितीले. तुमच्या भांड्याईवर उडालतं.”

“उडालं होतं, कवडूजी.” भांड्यांवर उडालेलं मला आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं.

“मंग माह्यं डोक्शं ठिकानावर हाय?” त्यांनी हे मला विचारलं, पण पाहिलं धुरपताबाईंकडे, आणि त्या एकदम पदर तोंडाला लावून आत गेल्या. कवडूजी उठले. मला वाटलं आता बोलतील, शिव्या देतील. त्यांचा हक्कच होता माझ्यावर तेवढा. त्यांनी माझा खांदा धरला आणि हलवला, जोरात, दोनदा. “बाबूजी, तुमाले एका शब्दानं सांगता नाई आलं? बायकोचं लेहनं हाय म्हणून? मी काय गिधाड हाव? काऊन एवढं मोठं पत्तर लेहलं?” मी म्हणालो, “मले सांगता येत नाई कवडूजी. मले फक्त लिहिता येते. आन तेही खोटं.” ते हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही.

अंकुश अकराला आला, पिशवी, घमेलं, छिन्नी घेऊन. आम्ही तिघे माझ्या स्वयंपाकघरात उभे राहिलो, म्हणजे दाटीच झाली. कवडूजी वाकून, डोळे बारीक करून, एक एक अक्षर लावत भिंत पाहत होते. त्यांना आपलं नाव सापडलं, ‘कवडूभाऊ’, त्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. मग सरळ होऊन मला हळूच म्हणाले, “वापस पाठवू काय याले? राहू द्या ना. कोनी किरायदार नाई आला तरी चालते मले.” मी त्यांच्याकडे पाहिलं. हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं, आणि मी हो म्हटलं असतं तर त्यांनी खरंच घर रिकामं ठेवलं असतं, लोणा वर चढत राहिला असता, ‘काही नाही’ पर्यंत, आणि मग वरपर्यंत. चार वर्षं एका माणसाला मी माझ्या भिंतीचा राखणदार करून ठेवलं होतं, त्याला न सांगता. खिडकीच्या कोपऱ्यात लाल पेन्सिल होती, बोटाएवढी उरलेली. ती घेतली. तिसऱ्या रांगेत, १४ ऑक्टोबरच्या खाली, हात उंच करून आजची तारीख लिहिली. कवडूभाऊ अंकुश मिस्त्रीले घेऊन आले. अक्षर माझंच आलं, लांबट, कचेरीतलं. कवडूजी वाचायचा प्रयत्न करत होते म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवलं. पुढे ‘वापस’ लिहिलं नाही. पेन्सिल अंकुशच्या हातात दिली, त्याचीच होती.